गुरुजींचा जपान

आमच्या गुरुजींना विहारात कोणी डोळे मिटलेले चालत नसत. रविवारी सकाळी वंदना सुरू झाली की ते पुढे बसत नसत. मागे उभे राहून खड्या आवाजात म्हणत आणि म्हणता म्हणता कडेनं एक फेरी मारून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून घेत. कोणाचे डोळे मिटलेले दिसले आणि वर ओठही हलताना दिसले, की वंदना संपेपर्यंत थांबायचे आणि मग सगळ्यांसमोर विचारायचे, "काय मांगून राह्यली वं?" समोरच्याचं वय बघायचे नाहीत की मान बघायचे नाहीत. माझ्या आईला एकदा असंच पकडलं. आई ओशाळून म्हणाली, "काही नाही गुरुजी, गाय व्यायची आहे, तेवढंच." गुरुजी म्हणाले, "गाय व्यायची तं ढोराच्या डाक्टरले सांगा. याहिले कायले तरास देता?" याहिले म्हणजे समोरच्या बुद्धमूर्तीला. सगळा विहार हसला, आई पण हसली, पण घरी येऊन म्हणाली, "या मेल्याले मनातलं बी ऐकू येते."

ते गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. अजूनही विहारात बसले की माझे डोळे मिटत नाहीत. सवयच लावून ठेवली त्या माणसानं.

आमचं गाव मेडशीपासून चार-पाच किलोमीटर आत. गुरुजी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल आणि मराठी शिकवायचे. मी त्यांचीच विद्यार्थिनी, आणि आता मीही त्याच तालुक्यात मास्तरीण आहे. नोकरीला लागले तेव्हा पेढे घेऊन पाया पडायला गेले, तर पाय मागे घेतले आणि म्हणाले, "पाया पडाची गरज नाही. पोराईले शिकवजो. टेबलावर पाय ठून झोपू नको." अभिनंदन वगैरे काही नाही. पेढा मात्र खाल्ला.

मागायचं नाही, हा त्यांचा एकच नियम होता, आणि तो नुसता विहारापुरता नव्हता. जेवताना मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत. एसटीत कोणी तीन माणसांच्या जागेवर पसरून बसलं असेल तर सरका म्हणायचे नाहीत, आमच्या तालुक्याच्या मालेगावपर्यंत दांडा धरून उभे राहायचे. कोणाच्या घरी गेले तर पाण्याची बाटली स्वतःची. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, वैतागून सांगायच्या, "या मानसाले वाढता वाढता माहा जीव गेला. ताटात काय संपलं ते मीच पाहाचं. तोंडानं म्हनन तं शपथ."

लहानपणी आम्हाला ते सगळं विचित्र वाटायचं. एकदा आठवीत असताना मीच धीर करून विचारलं होतं, "गुरुजी, मांगलं तं काय होते?" ते खडू ठेवून खुर्चीत बसले. म्हणाले, "माहा आजा रोज दिवे लागायच्या टायमाले गावात भाकर मांगाले जाये. दारापासून धा पावलं दूर उभा राहून आवाज दे. लोक म्हनते, तो त्याचा हक्क होता. हक्क असता तं आवाज द्या लागला असता का? पानी मांगलं, भाकर मांगली, आन उरलेल्या टायमात देवाले मांगलं. मंग छप्पन साल आलं. माह्या बापानं घरातले सगये देव टोपल्यात भरले आन नदीत सोडून आला. त्या दिवसापासून आमच्या घरी मांगनं बंद. बापानं बंद केलेलं मी चालू करू का?" मग ते उठले आणि फळ्यावर दख्खनचं पठार काढायला लागले. त्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आता कात्रीचं सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. गुरुजींच्या खिशात रिसोडच्या बाजारातून घेतलेली एक छोटी घडीची कात्री असायची. रविवारी विहाराच्या दारात उभे राहून ते आमच्या पोरांच्या मनगटांची तपासणी करत. कोणाच्या हातात काळा दोरा, लाल दोरा, गळ्यात ताईत, काहीही सापडलं की कच्च. फक्त आपल्या बौद्ध घरांतल्या पोरांचंच हं. शाळेत बाकीच्या पोरांच्या दोऱ्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही. "त्याहिच्या घरचं त्याहिले माहीत. आपलं घर आपन झाडाचं." आणि कापायचे फार हलक्या हातानं. कातडीला थंड पातं लागलं की आम्हाला गुदगुल्या व्हायच्या, आम्ही हसायचो. काही पोरं तर मुद्दाम सुतळी बांधून यायची.

आणि मग जपान. गुरुजींनी जपान पाहिला नव्हता, पण त्यांच्याइतका जपान आमच्या तालुक्यात कोणालाच माहीत नव्हता. त्यांच्या घरात एक जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यातल्या तारखा कधीच गेल्या होत्या, चित्र मात्र त्यांनी राखलं होतं. काळपट लाकडाचं, दोन मजली छपराचं एक प्रचंड विहार, आणि त्याच्या पायऱ्यांवर मुंगीएवढी माणसं. भूगोलाचा कुठलाही धडा असो, पाच मिनिटांत गाडी तिथं पोचायची. "लाकडाचं आहे बे, लाकडाचं! तीनशे वर्साच्या वर झाले, उभं आहे. आन आपल्या शायेचं छप्पर दोन वर्सात गयते." पोरं हसली की पुढे म्हणायचे, "आन तिथं कोनी मांगत नाही. लोक येतात, पाहातात, हात जोडतात, चालले जातात. एवढा मोठा देश कायच्यानं झाला? मांगलं नाही म्हून झाला." हे त्यांना कोणी सांगितलं, कुठल्या पुस्तकात होतं, देव जाणे. म्हणजे तसं म्हणायचीही सोय नव्हती त्यांच्यापुढे.

गुरुजींना एकच मुलगी. नाव संघमित्रा, आम्ही मित्रा म्हणायचो. माझ्याच वर्गातली. एका डब्यात जेवलो, एका सायकलवर डबलसीट मेडशीला गेलो. लग्न होऊन ती रिसोडला गेली, आणि तिला सम्यक झाला. गोरा, गोबरा, गुरुजींचं नाक घेऊन आलेला पोरगा. नातवाला खांद्यावर घेऊन गावभर हिंडणारे गुरुजी मी पाहिलेत. तो त्यांच्या खिशातली कात्री काढून मागायचा आणि ते त्याला देऊन टाकायचे, घडी घातलेली. त्याचं मागणं तेवढं चालायचं.

सम्यक चार वर्षांचा असताना त्याला ताप आला. रिसोडला उतरेना, म्हणून अकोल्याला नेलं. मेंदूला सूज आहे म्हणाले. मी मित्राजवळ बसायला गेले होते. तीन दिवस ती कॉटच्या दांड्याला धरून उभी होती. बस म्हटलं तर बसायची नाही. तिच्या सासूबाईंनी कुठूनसा एक काळा दोरा आणला. मित्रानं तो पोराच्या मनगटाला बांधला. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबाईले सांगू नको."

सांगायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गुरुजी आले. बाहेर डॉक्टरांशी बोलून मग आत आले. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. आशा ठेवू नका, असं सांगितलं होतं. आत येऊन त्यांनी नातवाच्या कपाळावर हात ठेवला, गालावरून फिरवला, मग हातावरून खाली आणला, आणि तिथं दोरा लागला. मित्रा म्हणाली, "बाबा, राहू द्या." एवढंच म्हणाली. गुरुजींनी खिशातून कात्री काढली आणि दोरा कापला. रागानं नाही हो. रागानं कापला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. आम्हा पोरांचा कापायचे तसाच, हलक्या हातानं.

पोरगं त्याच संध्याकाळी गेलं.

मित्रा रडली नाही. सगळे नातेवाईक जमले होते, त्यांच्यासमोर ती बापाला म्हणाली, "माह्याजवय तेवढंच होतं. तेबी तुमी कापलं." त्यानंतर नऊ वर्षं ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. गावी यायची, आईला भेटायची, पण गुरुजी शेतात नाहीतर मालेगावला गेलेत, हे आधी फोनवर विचारून. ते अवचित दारात आलेच तर हातातला चहा तसाच ठेवून मागच्या दारानं माझ्या घरी निघून यायची.

आता तुम्हाला वाटेल, त्यानंतर गुरुजी नरमले असतील. आम्हालाही तसंच वाटलं होतं. कात्री त्या दिवसानंतर कोणाला दिसली नाही, हे खरं. पण तिसऱ्या रविवारी ते विहारात आले, मागे उभे राहिले, आणि वंदना संपल्यावर एका पोराला विचारलं, "काय मांगून राह्यला बे?" माझं टाळकंच सरकलं. मी उठून घरी आले, आणि पुढे वर्षभर विहाराची पायरी चढले नाही. हा माणूस आहे की दगड, असं मी माझ्या नवऱ्याला कितीदा म्हटलं असेन.

एकदा न राहवून तोंडावरच बोलले. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. म्हटलं, "गुरुजी, एकदा रिसोडले जा आन तिले फक्त चुकलं म्हना. दोन शब्द. तुमचं काय जाते?" ते बराच वेळ सोलत राहिले. मग म्हणाले, "चुकलं म्हनलं तं त्याचा अर्थ काय होते? दोऱ्यानं पोरगं वाचलं असतं, असा होते. ते मी म्हननार नाही. माह्या बापानं टोपलं उचललं ते कायले मंग?" मी म्हटलं, "बापाचं राहू द्या. पोरीचं पाहा." त्यांनी वर बघितलं. डोळे लाल झाले होते. "पोरीचंच पाहून राह्यलो," म्हणाले, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ह्या माणसाची झोप उडालेली आहे. पण कळून काय उपयोग? गाठ तिथंच होती. त्यांना माफी मागायची होती, आणि ज्या शब्दांत ती मागतात ते शब्द त्यांना खोटे वाटत होते.

अकोल्याकडून बौद्ध मंडळींची एक सहल जपानला निघाली, तेव्हा गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी नाव नोंदवलं. काकूंचे गुडघे गेलेले. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तू जाय त्याहिच्या संगं. एकट्याले नको. थे उपाशी राहातीन, पन भूक लागली म्हननार नाहीत." मग पदर सारखा करत हळूच म्हणाल्या, "आन मित्राचा नंबर तुह्याजवय आहे." मे महिना होता, मला सुट्टी होती. खरं सांगते, मी गुरुजींसाठी गेले नाही. काकूंना नाही म्हणता आलं नाही.

जपानात गुरुजी पहिले चार दिवस लहान पोरासारखे झाले होते. रस्त्यावर कचरा नाही, हॉर्न नाही. दर दहा मिनिटांनी "पाह्यलं का वं?" करून मला कोपरानं ढोसायचे. पाचव्या दिवशी आम्हाला नारा नावाच्या जुन्या शहरात नेलं, आणि बसमधून उतरून एका मोठ्या दरवाजातून आत गेलो तर समोर ते कॅलेंडर उभं. तेच काळपट लाकूड, तेच दोन मजली छप्पर. आम्ही सगळ्यांनी पांढरे कपडे घातले होते, विहारात जाताना घालतो तसे. गुरुजी वाटेतच थांबले. चप्पल काढली. तिथं चप्पल काढायची नव्हती, कोणीच काढली नव्हती, पण त्यांनी काढली, हातात घेतली, आणि तेवढं सगळं मोठं अंगण अनवाणी चालत गेले.

आत तांब्यापितळेची एवढी थोरली बुद्धमूर्ती की मान मागे टाकून बघावी लागते. आमच्या मंडळींनी हलक्या आवाजात त्रिशरण म्हटलं. आजूबाजूचे जपानी लोक थांबले, एका म्हातारीनं आमच्याकडे बघून हात जोडले. गुरुजी नेहमीप्रमाणे मागे उभे होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसतही नव्हते. आणि मग सवयीनं त्यांनी आजूबाजूच्या तोंडांकडे बघायला सुरुवात केली.

तिथं सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

"हे काय करून राह्यले?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, "मांगून राह्यले, गुरुजी." खोटं कशाला सांगू, मला ते म्हणताना आतून बरं वाटलं. नऊ वर्षांचा राग होता माझा. मी त्यांना बाहेर एका भिंतीपाशी नेलं, तिथं दोरीनं शेकडो लाकडी पाट्या अडकवलेल्या होत्या. आमची गाईड एक पन्नाशीची जपानी बाई होती. ती इंग्रजीत सांगायची आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीनं आमच्या लोकांना समजावायची. मी तिला म्हटलं, वाचून दाखवा. तिनं वाचलं. एकाला परीक्षेत पास व्हायचं होतं. एकीला मूल हवं होतं. एका पोरीच्या आईचं ऑपरेशन होतं. गुरुजी एकेका पाटीवर बोट ठेवत गेले, "हे?" "आन हे?" ती बिचारी वाचत गेली. वीसेक पाट्यांनंतर त्यांनी बोट खाली घेतलं. "म्हंजे इथंबी मांगतात," एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझा सगळा आनंद जिरून गेला. म्हातारा माणूस, हातात चप्पल, आणि तीस वर्षं पोरांना सांगितलेलं सगळं तिथं भिंतीवर टांगलेलं. मला माझीच लाज वाटली. कशाला नेलं मी त्यांना तिथं?

ते एकटेच पुढे निघाले, मी आणि गाईड मागे. विहाराच्या बाजूला एक मोकळं आवार होतं, आणि तिथं उन्हात ओळीनं दगडाच्या छोट्या छोट्या मूर्ती मांडलेल्या होत्या. गुडघ्याएवढ्या. गोल डोकी, मिटलेले डोळे, शांत हसरी तोंडं. दोनशे तरी असतील. आणि प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं, डोक्यावर लोकरीचं टोपडं. काहींच्या पायाशी भिरभिरं, काहींच्या पायाशी खेळण्यातली मोटार.

"हे कोन?" गुरुजींनी विचारलं.

गाईड म्हणाली, हा जिझो. ज्यांची मुलं लहानपणीच जातात त्यांचा हा सांभाळ करतो. ती मुलं एका नदीच्या काठी दगडांवर दगड रचत बसतात, आणि हा येऊन त्यांना आपल्या बाहीत लपवून घेतो, असं लोक मानतात. आईबाप येऊन त्याला टोपडं घालतात. हे सगळं मी मराठीत सांगितलं. मला वाटलं, आता हे भडकणार. आत्मा नाही, परलोक नाही, हे आयुष्यभर सांगितलेला माणूस. पण ते भडकले नाहीत. म्हणाले, "तिले इचार, तिले खरंच वाटते का, थे पोरं नदीवर हायेत म्हून?"

मी विचारलं. ती बाई म्हणाली, "मला माहीत नाही. माझा एक भाऊ माझ्या आधी गेला, मी त्याला पाहिलेलंच नाही. माझी आई दर वर्षी थंडी पडायच्या आधी एक टोपडं विणायची आणि घेऊन यायची."

"आन बाप?" गुरुजी म्हणाले. "बाप यायचा का संगं?"

"यायचे. ते काहीच मानत नव्हते," ती म्हणाली. "काही बोलायचे नाहीत. आईची पिशवी धरून उभे राहायचे."

गुरुजींनी ते ऐकलं आणि त्यांच्या हातातली चप्पल खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. एका मूर्तीपुढे गेले, तिचं टोपडं वाऱ्यानं एका बाजूला सरकलं होतं, ते दोन बोटांनी नीट केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, मित्राले फोन लाव."

मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं मागणं. तिथं दुपार व्हायला आली होती, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ. मित्रा डब्याच्या घाईत असणार. व्हिडिओ कॉल लावला. तिनं उचलला, कपाळावर घाम, हाताला पीठ. "बोल वं जपानवाले," म्हणाली. मी म्हटलं, "मित्रे, फोन ठेवू नको. फक्त पाहाय." आणि मी कॅमेरा त्या ओळींकडे वळवला. हे काय आहे ते सांगितलं, आणि टोपडं विणणाऱ्या आईचं अन् पिशवी धरणाऱ्या बापाचंही, जसं गाईडनं सांगितलं होतं तसंच. पलीकडे भाकरीचा आवाज थांबला. मित्रानं फोन ठेवला नाही. मग मी फोन गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजी फोनकडे बघतच राहिले. नऊ वर्षांनी पोरीचं तोंड समोर.

"मित्रा," ते म्हणाले, "दोऱ्यानं पोरगं वाचलं नसतं. हे मी आजबी म्हनतो, उद्याबी म्हनन."

मला वाटलं, झालं. आता ती फोन कापते. मी डोक्याला हात लावला.

"पन तो दोरा पोराचा नवता," ते म्हणाले. "पोराच्या हाताले होता, होता तुहा. तुले धराले काहीतरी पाह्यजे होतं. मले ते समजलं नाही. मी तुह्या हातातलं कापलं. मले तुह्याजवय उभं राहाचं होतं, बाई. पिशवी धरून नुसतं उभं राहाचं होतं. तेवढंबी मले जमलं नाही. मले माफ कर."

मागे कोणी पर्यटक फोटो काढत होते, ते बाजूला झाले. गाईडला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती मान खाली घालून उभी होती. फोनमध्ये मित्राचा चेहरा दिसत होता. ती रडत होती, दवाखान्यात रडली नव्हती तशी, तोंड न झाकता.

"तुमी कापला ते मी इसरनार नाही बाबा," ती म्हणाली.

"इसरू नको," गुरुजी म्हणाले.

मित्रानं पिठाच्या हातानंच डोळे पुसले, फोन जवळ घेतला आणि नीट बघितलं. तिच्या रिसोडला मे महिन्यात सकाळी साडेआठलाच डोकं तापतं. इकडं नारातलं ऊन अंगाला लागतही नव्हतं, हे तिला काय माहीत?

"बाबा," ती म्हणाली, "एवढ्या उन्हात उघड्या डोक्यानं काहून उभे राह्यले? रुमाल बांधा डोक्याले."

गुरुजींनी फोन माझ्याकडे दिला. खिशातून पांढरा रुमाल काढला आणि त्या सगळ्या परक्या लोकांच्या मधोमध, त्या सौम्य उन्हात, डोक्याला बांधायला लागले. गाठ बसेना.

"कानावरून घ्या," मित्रा म्हणाली.

त्यांनी कानावरून घेतला.